केसपेपर नाना

नाना सायकलवर बसायच्या आधी स्वतःची झडती घेतात. जर्सीच्या डाव्या खिशात कार्ड, उजव्या खिशात त्याच कार्डाची झेरॉक्स, हेल्मेटच्या आत चिकटवलेली पट्टी, सीटखालच्या पिशवीत लॅमिनेट केलेला ‘सविस्तर’ कागद, मनगटावर स्टीलची पट्टी आणि डाव्या मोज्यात एक चिठ्ठी. मोज्यात कशाला, असं एकाने विचारलं तेव्हा नाना शांतपणे म्हणाले, “समजा, कमरेपासून वरचा भाग ट्रकखाली गेला. मग?”

या ‘मग’ला कुणाकडे उत्तर नव्हतं. पहाटे साडेपाचला, नाशिकच्या गंगापूर रोडच्या थंडीत, उपाशीपोटी असल्या प्रश्नाला कुणाकडेच उत्तर नसतं.

दर रविवारी आमचा घोळका निघतो. बाकीचे टायरमधली हवा बघतात, बाटलीत पाणी भरतात. नाना खिसे चाचपतात आणि मगच पायडल मारतात. सरकारी दवाखान्यात आधी केसपेपर काढायचा आणि मग आजार सांगायचा, अशी रीत आहे. नानांचा केसपेपर कधीचाच काढून झालाय, आजार तेवढा यायचा राहिलाय. म्हणून ग्रुपात त्यांचं नाव ‘केसपेपर नाना’. हे नाव त्यांना माहीत आहे आणि मान्यही आहे. त्यांची हरकत एवढीच, की केसपेपर एका पानाचा असतो, आपला नाही.

नाना नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. नाशिकमध्ये ‘प्रेसमध्ये होते’ म्हटलं की वर्तमानपत्र कुणाच्या डोक्यात येत नाही. डोक्यात येते ती १९२५ च्या सुमाराला उभी राहिलेली सिक्युरिटी प्रेस. टपालाची तिकिटं, स्टँप पेपर, पासपोर्ट छापणारी. तिच्या शेजारी नोटांची प्रेस. जिथे खराब झालेला कागदसुद्धा टाकून देता येत नाही, त्याचाही हिशेब द्यावा लागतो, अशा जागी उभी नोकरी काढली की माणसाचा तोंडी गोष्टींवरचा विश्वास उडतो. नानांचा तर भुकेवरही नाही. काकूंनी “जेवायला वाढू का?” असं विचारलं की ते आधी घड्याळ बघतात. हजारो लोकांच्या परदेशवाऱ्यांची ओळखपत्रं या माणसाच्या हाताखालून गेली. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःची छापायला घेतली.

सायकल मुलाने घेऊन दिली. तो काळच तसा होता. २०१५ साली नाशिकच्या महाजन बंधूंनी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही पॅसिफिक किनाऱ्यापासून अटलांटिकपर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली आणि गावात सायकलीची साथ आली. हितेंद्र महाजन भूल देणारे डॉक्टर, महेंद्र दातांचे. पुढे २०१७ मध्ये हीच शर्यत एकट्याने पुरी करणारे पहिले भारतीय ठरले ते लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ. तेव्हा नाशिकला नेमणुकीवर असलेले, सैन्यातले डॉक्टर. त्यांच्या पाठोपाठ पोचले नागपूरचे अमित समर्थ. तेही डॉक्टरच. परिणाम असा झाला, की नाशिकमध्ये सायकलवाल्यांच्या कुठल्याही घोळक्यात डॉक्टर सापडतोच. इतर गावांत सायकलवाला पडला की डॉक्टर मिळेपर्यंत वेळ जातो. इथे तिघे मिळतात आणि त्यांचं एकमत होईपर्यंत वेळ जातो.

“डॉक्टर मिळेल हो,” नाना म्हणतात, “पण डॉक्टरला माहिती कोण देणार?”

नानांचं म्हणणं मुळात खोटं नाही, हीच अडचण आहे. ते सांगतात, पूर्वी सायकलला नगरपालिकेचा बिल्ला असायचा. दर वर्षी कर भरायचा आणि बिल्ला लावायचा. बेवारस सायकल सापडली तर ती कोणाची, ते कळायचं. बेवारस माणूस सापडला तर? गोदाकाठी उपाध्यायांच्या वह्यांत आपल्या सात पिढ्यांची नावं आहेत. कोण कधी आलं, कुणाचं पिंडदान कुणी केलं, सगळं शाईने लिहिलेलं. “म्हणजे मेलेल्या माणसाची नोंद चोख,” नाना म्हणतात, “आणि जिवंत माणसाच्या खिशात काय? तर मिसळीचं बिल!”

त्यांनी पहिली आवृत्ती काढली ती ए-फोर कागदावर, दोन्ही बाजूंनी. (कार्डाला ते ‘आवृत्ती’ म्हणतात आणि जुनी आवृत्ती स्वतः फाडून, तुकडे मोजून, जाळतात.) मजकूर पंचनाम्याच्या भाषेत होता: ‘सदर इसम बेशुद्धावस्थेत आढळून आल्यास...’ पुढे संपूर्ण नाव, मूळ गाव, लहानपणची कावीळ, अपेंडिक्सचं ऑपरेशन, मधुमेहाच्या गोळ्या, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी, डाव्या कानाने कमी ऐकू येतं, वरच्या दाढेला कॅप, संध्याकाळी सातनंतर कॉफी चालत नाही. आधार क्रमांकही होता. तो ग्रुपातल्या, बँकेत नोकरीला असलेल्या एकाने आरडाओरडा करून काढायला लावला. सर्वांत शेवटी ठळक अक्षरांत होतं: ‘चष्मा सांभाळावा. नवीन आहे.’

“नाना, हे वाचेपर्यंत माणूस जाईल हो,” कुणीतरी म्हणालं.

“जाणार नाही. महत्त्वाचं आधी घेतलंय.” महत्त्वाचं म्हणजे मूळ गाव.

मग भाषेचा प्रश्न निघाला. पहिली आवृत्ती मराठीत होती, आकडेही मराठी. पण मुंबई-आग्रा रस्त्यावर ट्रक कुठकुठचे येतात. तमिळनाडूच्या ड्रायव्हरला मराठी ९ म्हणजे काय कळणार? म्हणून इंग्रजी आलं. उत्तरेकडच्या ट्रकवाल्यांसाठी हिंदी आलं. पेठ रोडने पुढे गेलं की धरमपूर, म्हणजे गुजरात, म्हणून गुजराती. आता कार्डाला स्टेपलची पिन लागली. शेवटी कायदा आला. अपघातात मदत करणाऱ्याला पोलीस-कोर्टाचा त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मार्गदर्शक नियमांना बळ दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. मदत करणाऱ्यावर जबाबदारी येत नाही, त्याला स्वतःचं नाव सांगायचीही सक्ती नाही. नानांनी कलम जसंच्या तसं उतरवलं. जखमीला वेळेत दवाखान्यात पोचवून त्याचा जीव वाचवणाऱ्याला केंद्र सरकार बक्षीस देतं, आधी पाच हजार होतं, २०२५ पासून पंचवीस हजार, हेही लिहिलं. पण ही ओळ आठवड्याभरात गायब झाली. विचारलं तर म्हणाले, “पाच हजारांपर्यंत ठीक होतं. पंचवीस हजारांसाठी कुणी ढकलूनही देईल.”

कागद पावसात विरघळतो, हा पुढचा शोध त्यांना त्र्यंबक रोडवर जुलैत लागला. पाऊस अंजनेरीपासून सुरू झाला आणि सातपूरला पोचेपर्यंत नानांच्या खिशात लगदा उरला होता. म्हणून धातू. देवळालीला जवानांच्या गळ्यातली ओळखपट्टी त्यांनी पाहिलेली होती. तसली पट्टी करून घ्यायला ते भांडी बाजारात गेले. तिथे भांड्यांवर नावं घालून देणारे कारागीर बसतात. पेल्यावर, पातेल्यावर, लग्नाच्या घागरीवर टुकटुक करत नाव उमटवतात. नानांनी स्टीलची पट्टी आणि मजकुराची चिठ्ठी दिली आणि समोरच्या दुकानात तांब्याचा बंब बघत उभे राहिले. कारागिराचा हात सवयीचा. त्याने नाव घातलं, रक्तगट घातला, फोन नंबर घातला आणि उरलेल्या जागेत, हाताच्या ओघात, ‘यांजकडून सप्रेम भेट’ घालून टाकलं.

नानांनी ती पट्टी परत केली नाही. स्टील चांगलं होतं. त्यामुळे आजही त्यांच्या मनगटावर वाचायला मिळतं, की ओ पॉझिटिव्ह रक्ताचा हा इसम कुणालातरी सप्रेम भेट आहे.

धातूनंतर क्यूआर कोड. अमेरिकेतल्या मुलाने तो करून पाठवला: स्कॅन केला, की सगळी माहिती फोनवर. नानांनी त्याचा स्टिकर हेल्मेटच्या मागे लावला. एका रविवारी गिरणाऱ्याच्या टपरीवर चहा घेताना त्यांनी हेल्मेट काउंटरवर ठेवलं आणि ते बाकड्यावर येऊन बसले. टोमॅटोच्या पिकअपचा ड्रायव्हर चहा पिऊन उठला, त्याने खिशातून फोन काढला, हेल्मेट स्कॅन केलं आणि बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला.

“मालक,” तो टपरीवाल्याला म्हणाला, “पैसे कुठं टाकू? इथं तर तुमची शुगर दिसतीय.”

टपरीवाला मधुमेहाने दचकला. तिसरा एक जण म्हणाला, “पेनिसिलिन घेऊ नका म्हणे.” नाना मात्र त्या दिवशी खूश होते. यंत्रणा चालते, हे सिद्ध झालं. फक्त कसारा घाटात फोनला रेंज गेली तर काय, म्हणून त्यांनी मोज्यातली चिठ्ठी सुरू केली.

रक्तगटाचं प्रकरण वेगळंच. आमच्या ग्रुपातले हाडांचे डॉक्टर एकदा बोलण्याच्या ओघात म्हणाले, की रक्तगटांत ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून एक दुर्मीळ गट आहे. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत शोधला म्हणून ते नाव. साध्या तपासणीत तो ‘ओ’सारखाच दिसतो. पण अशा माणसाला ‘ओ’चं रक्त चालत नाही, त्याच गटाचं लागतं. आपल्याकडे दहा हजारांत एखादा असतो. डॉक्टर मिसळीवर तर्री घेत बोलत होते. नानांचा घास हातातच राहिला. पन्नास वर्षं आपण ज्या भरवशावर ‘ओ’ होतो, तो असा पोकळ? सोमवारी ते रक्तपेढीत. तिथल्या तंत्रज्ञाने दोन्ही बाजूंनी तपासून सांगितलं, “काका, तुम्ही साधे ओ पॉझिटिव्ह.”

“नक्की साधे?”

“एकदम साधे.”

नाना पडलेल्या चेहऱ्याने परत आले. दहा हजारांत एक असायची संधी आयुष्यात एकदाच आली होती, तीही हुकली.

पण या सगळ्यापेक्षा अवघड होती ती एक ओळ: ‘अपघात झाल्यास कळवावे.’ कोणाला? नोकरीत पीएफचा नॉमिनी लावताना किंवा एलआयसीचे फॉर्म भरताना नानांच्या घरात कधी शब्दाला शब्द लागला नव्हता. या ओळीवरून लागला.

पहिलं नाव अर्थात काकूंचं. पण काकू अनोळखी नंबर उचलत नाहीत आणि त्यांचंही चूक नाही. दिवसभर त्यांना कुणीतरी कर्ज देत असतं, कुणी इगतपुरीला फार्महाऊसचा प्लॉट देत असतं. नानांनी शेजाऱ्याच्या फोनवरून चाचणी घेतली. काकू समोर सोफ्यावर बसून वाजणाऱ्या फोनकडे बघत होत्या. “उचल ना!” नाना न राहवून ओरडले. “कशाला? कोण मेलाय सकाळी सकाळी?” काकू म्हणाल्या.

मुलाला लावावं, तर आपल्या पहाटे त्याच्याकडे कॅलिफोर्नियात आदल्या दिवसाची संध्याकाळ. वेळ जुळते, पण तो तिथून करणार काय? मुलगी पुण्यात, रविवारी नऊपर्यंत तिचा फोनही झोपलेला. व्याह्यांना असल्या कामासाठी फोन जाणं बरं दिसत नाही. उरला मेहुणा. तो नाशिकरोडला राहतो, त्याच्याकडे गाडी आहे, फोन पहिल्या रिंगला उचलतो. फक्त समोरच्याचं ऐकून घ्यायच्या आधी स्वतःचं सांगतो. पुढच्या आवृत्तीत नानांनी त्याला दुसऱ्या क्रमांकावरून चौथ्यावर टाकला. भाऊबीजेला आला असताना त्याने टीव्हीजवळ पडलेलं कार्ड वाचलं. ताटावरून उठला नाही इतकंच. “गाडी माझी, पेट्रोल माझं, आणि नंबर चौथा?” नानांनी प्रेसमधल्या माणसाला सुचेल असा तोडगा काढला. सगळी नावं अकारविल्हे लावली. त्यात काकूंचं नाव ‘स’वरून असल्यामुळे त्या शेवटी गेल्या. त्या आठवड्यात नानांना डबा मिळाला नाही.

ग्रुपात या सगळ्याला उघड विरोध होता तो मास्तरांचा. निवृत्त गणिताचे शिक्षक, सडसडीत, चढावर सगळ्यांच्या पुढे. “नाशिकमध्ये मला ओळखत नाही असा माणूस दाखवा,” ते म्हणायचे. “निम्मं शहर माझ्या हाताखालून गेलंय. मला कार्ड कशाला हवं? पडलो तर उचलणारा माझाच विद्यार्थी असेल.”

मास्तर पडले ते महिरावणीच्या पुढे, जिथे त्यांचा एकही विद्यार्थी नव्हता. सिंहस्थ जवळ येऊ लागला, की नाशिकचे रस्ते आधी खोदले जातात. कडेला खडीचा ढीग होता, समोरून कुत्रं आलं आणि गणित चुकलं. आम्ही पुढे निघून गेलो होतो. मागून नेहमीच्या गतीने नाना येत होते. त्यांनी पाहिलं: मास्तर रस्त्याच्या कडेला बसलेले, खांदा धरून, कपाळावर खरचटलेलं, नजर जरा हरवलेली. भोवती चार माणसं. जो तो विचारत होता, “बाबा, घरचा नंबर सांगा.” मास्तरांच्या फोनची काच फुटली होती आणि पॅटर्न त्यांना आठवत नव्हता. लॉक न उघडताही आणीबाणीची माहिती दिसावी अशी सोय फोनमध्ये असते. त्यांच्याही होती. त्यात काही भरलेलं नव्हतं. नंबर मात्र त्यांनी घडाघडा सांगितला. तो त्यांच्या घरच्या लँडलाइनचा होता, कधीच परत केलेल्या.

नानांनी १०८ ला फोन केला. किलोमीटरचा दगड सांगितला, बाजू सांगितली, शुद्ध सांगितली, श्वास सांगितला. जी माहिती द्यायची ती योग्य क्रमाने, एकही शब्द वाया न घालवता. पलीकडच्या माणसाला दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही. अ‍ॅम्ब्युलन्स आली. आतला डॉक्टर मास्तरांना तपासत असताना मागे न बघता म्हणाला, “पेशंटची काही माहिती आहे का?”

इतकी वर्षं ज्या प्रश्नाची वाट पाहिली, तो प्रश्न अखेर कुणीतरी विचारला होता. नानांचा हात आपोआप डाव्या खिशात गेला. त्यांनी कार्ड काढून दिलं.

स्वतःचं.

हॉस्पिटलच्या काउंटरवर ते कार्ड बघून क्लार्कच्या डोळ्यांत पाणी आलं असावं. असा पेशंट तिने पाहिला नव्हता. तिने सगळं टाइप केलं. त्यामुळे मास्तर नानांच्या नावाने दाखल झाले. मनगटावर नानांच्या नावाचा पट्टा, पलंगावर ‘पेनिसिलिन नको’ची पाटी. मास्तरांनी चहा मागितला. नर्स म्हणाली, “तुम्हाला साखर चालत नाही, बाबा.” तिने बोटाला टोचून शुगर बघितली. “तुमची तर अगदी छान आहे,” ती म्हणाली. दारात उभ्या असलेल्या नानांना त्याही अवस्थेत हेवा वाटला.

तिकडे काउंटरवरून कार्डातल्या नंबरांना फोन सुरू झाले. अकारविल्हे. शेवटी काकूंचा लागला आणि वाजून वाजून त्यांनी कंटाळून उचलला.

“तुमच्या मिस्टरांचा अपघात झालाय. आमच्याकडे दाखल आहेत.”

“हो का?” काकू म्हणाल्या. “आणि आता किती पैसे पाठवायचेत ते सांगा.” नातेवाइकाच्या अपघाताची थाप मारून पैसे उकळणाऱ्यांविषयी त्यांनी पेपरात वाचलेलं होतं. त्यांनी फोन ठेवला आणि खात्री करायला नानांना लावला.

“अहो, कुठे आहात?”

“हॉस्पिटलमध्ये.”

“अगं बाई! काय झालं?”

“मला काही नाही गं. माझ्या नावाने मास्तर पडलेत.”

काकू रिक्षाने आल्या. मास्तरांच्या सौभाग्यवती मात्र दुपारी पोचल्या, कारण त्यांचा नंबर कुणाकडेच नव्हता. शेवटी त्यांच्या बिल्डिंगच्या वॉचमनमार्फत निरोप गेला. त्यांनी आल्या आल्या पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि डॉक्टरांच्या हातात दिलं. गेल्या वर्षी मास्तरांच्या हृदयात स्टेंट बसवला होता. रक्त पातळ करणारी गोळी सुरू होती. आमच्यापैकी कुणालाही ठाऊक नव्हतं. चढावर पुढे असणाऱ्या माणसाच्या हृदयाची चौकशी कोण करतो?

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचा विनोद गेला. डोक्याला मार आणि रक्त पातळ करणारी गोळी, हे एकत्र आलं की वरून ठीक दिसणारा माणूसही आत रक्तस्राव होऊन बिघडू शकतो. लगेच सीटी स्कॅन झाला. सुदैवाने आत काही नव्हतं. कॉलरबोन तेवढं मोडलं होतं. रात्रभर नजरेखाली ठेवायचं ठरलं. मग डॉक्टर नानांकडे वळले. त्यांच्या हातात ते पिन मारलेलं चार भाषांतलं कार्ड होतं.

“काका, हे तुम्ही लिहिलंय?”

“हो. सातवी आवृत्ती.”

“फार मेहनत आहे. आता मला काय लागतं ते सांगतो. नाव. कुणाला फोन करायचा. रक्त पातळ करणारी, मधुमेहाची, फिटची, असली कुठली गोळी चालू असेल तर ती. कशाची अ‍ॅलर्जी. स्टेंट, पेसमेकर असेल तर तो. संपलं.”

“रक्तगट?”

“हौसेने लिहा. आम्ही आमचा तपासल्याशिवाय एक थेंब देत नाही. फारच घाई असली तर ओ निगेटिव्ह लावतो.”

“आणि मूळ गाव?”

डॉक्टरांनी उत्तर दिलं नाही. हल्ली डॉक्टर लोक फार घाईत असतात, असं नाना नंतर म्हणाले.

पण प्रेसच्या माणसाला कागद खराब झाला हे चालतं, तपासणी चुकलेली चालत नाही. पुढच्या रविवारी नाना आले ते व्हिजिटिंग कार्डाच्या मापाच्या कोऱ्या कार्डांचा गठ्ठा घेऊन. पाच ओळी, मोठी अक्षरं, मराठी आणि इंग्रजी, आकडे इंग्रजी. मागच्या बाजूला १०८ आणि ११२. प्रत्येक कार्डावर अनुक्रमांक. कुणाला किती दिली याची वही वेगळी. “खराब झालं तर परत आणून द्यायचं,” त्यांनी बजावलं. काकूंच्या आग्रहाखातर त्यांच्या स्वतःच्या कार्डावर सहावी ओळ होती: ‘फोन केल्यावर प्रथम “चिवडा” असे म्हणावे.’ म्हणजे फोन खरा की पैसे उकळणाऱ्याचा, ते काकूंना कळेल. पंजाबचा ट्रक ड्रायव्हर रस्त्यात उभा राहून एका अनोळखी बाईला ‘चिवडा’ म्हणतोय, हे चित्र डोळ्यांपुढे आणून आम्ही बराच वेळ हसलो. नाना हसले नाहीत.

मग टपरीवर बसून सगळे कार्ड भरू लागलो. नाव झालं, गोळ्या झाल्या. त्यात अशा काही गोळ्या निघाल्या, ज्यांच्याबद्दल इतकी वर्षं कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. बँकेतल्या त्या तरण्याबांड दिसणाऱ्याला फिटची गोळी चालू होती. दोघांना मधुमेह होता आणि तेच दर रविवारी जिलबी मागवत होते. आणि मग सगळ्यांची पेनं त्याच एका ओळीवर थांबली. कोणाला फोन करायचा? कुणाची बायको अनोळखी नंबर उचलत नाही, कुणाचा मुलगा बंगळुरूला, कुणाचा भाऊ बोलत नाही. सकाळी सहाला, कुठल्याही नंबरावरून फोन आला तरी पहिल्या रिंगला उचलेल, न घाबरता ऐकून घेईल, कुठे, कसं, काय ते नीट विचारेल आणि लगेच निघेल, असा माणूस कोण?

मान खाली घालून प्रत्येकाने लिहिलं. कुणी कुणाचं पाहिलं नाही. पाहायची गरजही नव्हती. गळ्यात हात अडकवून रिक्षाने आलेले मास्तरही डाव्या हाताने तेच दहा आकडे गिरवत होते.

तेव्हापासून नाना अनोळखी नंबर चुकवत नाहीत. फोन उशाशी, बाथरूमच्या खिडकीत, देवपूजेला बसताना पाटाखाली. परवा मिसळ खाताना तो वाजला. नंबर अनोळखी. नानांनी चमचा खाली ठेवला, दुसऱ्या हाताने पेन काढलं, आम्हाला गप्प बसायची खूण केली.

“बोला. कुठे?”

पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती. “सर, गुड मॉर्निंग, मी पर्सनल लोनसंदर्भात...”

“ते नंतर. कोणत्या रस्त्याला?”

“सर, आमची ब्रांच कॉलेज रोडला आहे.”

“कॉलेज रोड.” नानांनी लिहून घेतलं. “शुद्धीवर आहे का?”

“... कोण, सर?”

“श्वास चालू आहे का ते बघा आधी. आणि हे बघा, ताई, घाबरू नका. तुमच्यावर काही येत नाही. कलम १३४-अ.”